आरडी ३५०चे इंजिन: आधी हवाबंद, मग ताकदवान

१९८३ ते १९८९ या काळात एस्कॉर्ट्सच्या फरिदाबाद येथील कारखान्यात तयार झालेली राजदूत ३५०, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली आरडी, ही यामाहाच्या आरडी ३५०बी या मॉडेलवरून परवाना घेऊन बनवलेली गाडी आहे. ६४ मिमी बोअर, ५४ मिमी स्ट्रोक, दोन्ही सिलिंडर मिळून ३४७ सीसी, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी एकमार्गी झडप), सहा गिअर आणि वाऱ्यावर थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन, असा तिचा सांगाडा आहे. जपानी आरडी ७५०० आरपीएमला ३९ बीएचपी देत असे. आपल्याकडे पेट्रोलच्या खर्चाचा विचार करून ही ताकद खाली आणली गेली आणि हाय टॉर्क गाडीला ३०.५ तर लो टॉर्क गाडीला २७ बीएचपी मिळाले. कमी केलेली ही ताकद परत मिळवावी अशी इच्छा बहुतेक प्रत्येक मालकाला होते आणि ती योग्यही आहे. मात्र माझा आग्रह असा की, इंजिन हवाबंद आहे आणि दोन्ही सिलिंडर मापाने सारखे आहेत हे सिद्ध झाल्याखेरीज एकही बदल करू नये. सायलेन्सर बदलल्यावर किंवा पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायूची तोंडे) घासल्यावर महिन्याभरात पिस्टन चिकटलेली जी इंजिने उघडली जातात, त्यांपैकी बऱ्याच इंजिनांत दोष मूळचाच असतो आणि नव्या बदलाने तो फक्त लवकर उघडा पडतो.

या इंजिनाची रचना आधी नीट समजून घ्यावी. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँकची पोकळी हाच पंप असतो. पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी तिथे येते, तिथे दाबले जाते आणि मग वर जाते. आरडीत अशा दोन स्वतंत्र पोकळ्या आहेत, प्रत्येकीला स्वतःचा कार्बोरेटर, स्वतःचा पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच) आणि स्वतःची कॉइल आहे, आणि सामाईक काय ते क्रँकशाफ्ट व दोन पोकळ्यांमधले लॅबिरिंथ सील. त्यामुळे प्रत्येक माप दोनदा घ्यावे आणि डावे-उजवे असे दोन रकाने पाडून वहीत लिहून ठेवावे. पोकळीत कुठूनही बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण जास्त तापते, शिवाय त्यासोबत येणारे टूटी (टू-स्ट्रोकचे) ऑइलही कमी पडते, आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो.

इंजिन उघडण्यापूर्वी

लक्षणे इंजिन चालू असतानाच नोंदवावीत, कारण उघडल्यावर ती दिसत नाहीत. दाट पांढरा धूर येत असेल आणि गिअर ऑइलची पातळी बाहेर कुठेही गळती नसताना कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचे, म्हणजे उजवे क्रँक सील गेले आहे आणि इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळत आहे. याउलट गरम इंजिनाचा थ्रॉटल सोडल्यावरही रेस खाली यायला वेळ लागत असेल, तर मॅग्नेटच्या बाजूचे डावे सील, ब्लॉकखालचे पॅकिंग किंवा कार्बोरेटरचे रबर यांपैकी कुठूनतरी हवा आत येत आहे. डाव्या सीलचा दोष अधिक घातक असतो, कारण त्यात धुराने इशारा मिळत नाही.

कॉम्प्रेशन गेज लावताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काटा थांबेपर्यंत किक मारावी. प्रत्यक्ष आकडा गेजनुसार बदलतो, त्यामुळे त्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा मानावा. हा फरक दहा पीएसआयपेक्षा जास्त असेल तर हेड उतरवण्याची तयारी ठेवावी.

दाबाची चाचणी

या लेखातील एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा हातपंप आणि तबकडी यांवर हे काम उत्तम होते, कारण त्या तबकडीवरचे ३०० म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय आणि या इंजिनाला तेवढाच दाब द्यायचा असतो.

सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढावेत. एक्झॉस्टच्या दोन्ही तोंडांवर जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवून वरून पत्र्याची पट्टी आवळावी. कार्बोरेटरच्या एका रबरात घट्ट बूच बसवावे आणि दुसऱ्यातील बुचाला भोक पाडून त्यातून पंपाची नळी आत घ्यावी. प्लग जागेवर हवेत. दोन्ही बाजू एकाच वेळी बंद करणे आवश्यक आहे, कारण मधले लॅबिरिंथ सील शाफ्टला न टेकता काम करते आणि स्थिर दाबाला एका पोकळीतून दुसरीत जाऊ देते. एकच बाजू बंद करून चाचणी केल्यास चांगले इंजिनही नापास होते. मग सावकाश ३००पर्यंत दाब भरावा आणि सहा मिनिटे थांबावे. उत्तम इंजिनाचा काटा या वेळात जेमतेम हलतो. मिनिटाला पन्नासपेक्षा जास्त घसरण होत असेल तर गळती शोधलीच पाहिजे.

शोधण्यासाठी साबणाचे पाणी ब्रशने लावावे: हेडचा सांधा, ब्लॉकचा पाया, प्लगचा तळ, रीडच्या पेटीभोवतीचा सांधा आणि दोन्ही रबरे. रबरांवर वरून न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, म्हणून ती बोटाने वाकवून पाहावीत. डाव्या सीलसाठी मॅग्नेटचे कव्हर आणि रोटर काढावे लागते. सील खराब असेल तर शाफ्टच्या कडेने फेस फुगत जातो आणि शाफ्ट थोडा फिरवला की फुगे एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकतात. उजवे सील गिअरबॉक्सच्या आत असल्याने तिथे साबण पोहोचत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदरला नळी जोडून तिचे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवावे. पेल्यात बुडबुडे आले की उजवे सील गेले, यात शंका राहत नाही.

पिस्टन काय सांगतो

हेड थंड इंजिनावरच उघडावे, नट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे सैल करावेत आणि ब्लॉक वर घेताना क्रँकच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे, म्हणजे सर्कलिप (पिस्टनची पिन अडवणारी कडी) किंवा तुटलेल्या रिंगचा तुकडा खाली पडत नाही. पिस्टन चिकटलेला असेल तर त्याला लगेच घासू-पुसू नये, आधी नीट पाहावे. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ होते किंवा उष्णता फार होती. चार कोपऱ्यांत सारख्या उभ्या खुणा असतील तर इंजिन गरम होण्याआधीच जोरात पळवले गेले, किंवा क्लिअरन्स (पिस्टन व सिलिंडर यांतली फट) कमी ठेवला गेला. पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगतो आणि चारही कोपऱ्यांवर टेकतो. सगळीकडून घासलेला पिस्टन तेल न मिळाल्याचे सांगतो. माथ्याच्या कडेला वाळूने टोचल्यासारखी राखाडी, खडबडीत पट्टी दिसली तर इंजिन ठोकत होते, म्हणजे टायमिंग पुढे होते, कॉम्प्रेशन जास्त होते किंवा मिश्रण पातळ होते. कारण न शोधता नवा पिस्टन टाकणे म्हणजे तोच खर्च पुन्हा करण्याची तयारी करणे होय.

ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि आतली स्लीव्ह बिडाची असते. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, तसेच प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी माप घ्यावे. पोर्टच्या कडांवर गेज टेकवू नये. सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान माप यांत ०.०५ मिमीहून अधिक फरक असेल तर बोअरिंग करावे. पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी १.०० मिमी ओव्हरसाइजपर्यंत मिळतात आणि शेवटच्या मापाला, म्हणजे ६५ मिमीला, इंजिन सुमारे ३५८ सीसीचे होते. एकाच बाजूचा दोष असला तरी दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे करावेत.

बोअरिंगला देताना पिस्टन सोबत द्यावा आणि बोअर त्या पिस्टनच्या मापाने करून घ्यावा. डबीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. पिस्टनचे माप स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) तळापासून सुमारे १० मिमी वर आणि गजन पिनच्या (पिस्टन व रॉड जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात घेतले जाते. कास्ट पिस्टनला साधारण ०.०५ मिमी क्लिअरन्स पुरतो, फोर्ज्ड पिस्टन अधिक फुगतो म्हणून त्याला थोडा जास्त लागतो. पिस्टनसोबत निर्मात्याने माप दिले असेल तर तेच प्रमाण मानावे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि पुण्यात हे काम दहा मायक्रॉनच्या आत नेमके करणारे टर्नर आजही आहेत. पण त्यांच्याकडे बहुतेक काम फोर-स्ट्रोकचे येत असल्याने एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. बोअरिंगनंतर प्रत्येक पोर्टची कड धारदार होते आणि ती बारीक चॅम्फर करून मोडलीच पाहिजे, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. ब्लॉक परत आल्यावर गरम पाणी, साबण आणि ब्रशने तो धुवावा, पांढरे कापड आतून फिरवल्यावर करडे होत नाही तोवर धुतच राहावे आणि वाळताक्षणी तेल लावावे. होनिंगची (बोअर शेवटी दगडाने घासण्याची) धूळ ही रिंगचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

जोडताना रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतले अंतर फीलर गेजने पाहावे, ते ०.२ ते ०.४ मिमी असावे. पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगची टोके त्या पिनेवरच आली पाहिजेत. माथ्यावरचा बाण पुढे, एक्झॉस्टकडे ठेवावा. सर्कलिप नेहमी नव्याच वापराव्यात.

क्रँक

आरडीचा क्रँक दाबून जोडलेला असतो आणि तो सुटा करून बसवण्यास हायड्रॉलिक प्रेस, व्ही-ब्लॉक आणि अनुभवी हात लागतात. हे काम घरी करू नये. तपासणी मात्र घरी होते: कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक बाजूला हलवून पाहिल्यास ०.८ ते १.० मिमी खेळ योग्य असतो आणि २ मिमी झाला की रॉड किट बदलावा. उभा खेळ मुळीच जाणवता कामा नये. क्रँक बांधून आल्यावर तो व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने दोन्ही टोकांचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) स्वतःसमोर मोजून घ्यावा आणि तो ०.०३ मिमीच्या आत असल्याखेरीज स्वीकारू नये. वाकडा क्रँक नवी सीले काही हजार किलोमीटरांत खातो आणि डाव्या टोकाला पॉइंटची टायमिंगही डळमळीत करतो.

केस आडवी उघडते, त्यामुळे खालचा भाग काढला की क्रँक मोकळा होतो. परत बसवताना बेअरिंगच्या पिना आपापल्या खाचेत बसल्याची खात्री करावी. सांध्याला कागदी पॅकिंग नसते, लिक्विड गॅस्केटचा पातळ थर द्यायचा असतो. जाड थर आत फुटून तेलाची भोके बुजवतो.

कार्बोरेटर, तेल आणि आजचे पेट्रोल

दोन्ही मिकुनी कार्बोरेटर एकाच वेळी साफ करावेत, जेट तारेने कधीही खरवडू नयेत आणि फ्लोटची उंची दोन्हीकडे सारखी ठेवावी. थ्रॉटल केबल सेट करताना दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का, हे कार्बोरेटरच्या तोंडात बोटे ठेवून पाहावे. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही स्लाइडची खालची कड बोअरच्या बाहेर गेली पाहिजे. त्यानंतरच ऑटोल्यूब (इंजिनाला आपोआप तेल देणाऱ्या) पंपाची केबल खुणेवर आणावी. क्रम उलटा केल्यास पंप चुकतो. पंपाचा किमान स्ट्रोक ०.२० ते ०.२५ मिमी असावा आणि तो शिमने बदलता येतो. पंप उघडला असेल तर ब्लीड स्क्रू सैल करून नळीतील सगळे बुडबुडे जाईपर्यंत तो हाताने फिरवावा, आणि पहिली काही मिनिटे टाकीतील पेट्रोलमध्येच तेल मिसळून इंजिन चालवावे. अनेक गाड्यांचे पंप बंद करून मालक लिटरमागे ३० ते ४० मिली तेल मिसळतात. चांगल्या स्थितीतील पंप काढण्याचे मला कारण दिसत नाही, कारण घाटात थ्रॉटल बंद ठेवून उतरतानाही तो वेगळा काम करत राहतो आणि बेअरिंगला तेल पोहोचवतो.

इथेनॉलकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेरा भाग पुरते, म्हणजे १९८३च्या जेटवर आजचे मिश्रण जवळपास आठ टक्के पातळ पडते. मेन जेट एक-दोन क्रमांक मोठा ठेवून सुरुवात करावी. जुन्या रबरी नळ्या, ओ-रिंग आणि सुईच्या सीटचे रबर इथेनॉलने फुगते किंवा भुसभुशीत होते, म्हणून ते बदलावे. इथेनॉल हवेतील पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या कराव्यात.

पॉइंट आणि टायमिंग

पॉइंटमधील अंतर ०.३ ते ०.४ मिमी ठेवावे. टायमिंग अंदाजाने किंवा तबकडीवरच्या खुणेने लावू नये. प्लगच्या भोकात डायल गेज बसवावे, पिस्टन अगदी वर आणून काटा शून्यावर घ्यावा, मग क्रँक उलटा फिरवून पुन्हा सुलट आणावा आणि पिस्टन वरच्या टोकापासून २.० मिमी खाली असताना पॉइंट उघडतो का, ते छोट्या दिव्याने किंवा मल्टिमीटरने पाहावे. एक पॉइंट मुख्य प्लेटवर आणि दुसरा स्वतंत्र उपप्लेटवर असतो; मुख्य प्लेटवरचा आधी लावावा, नाहीतर दुसऱ्याचे माप बिघडते. प्लग बी८एचएस आणि त्याचे अंतर ०.५ ते ०.६ मिमी. लांब आट्यांचा प्लग कुणी दिला तर घेऊ नये, तो पिस्टनवर आपटतो.

ताकद वाढवताना

इथवर सगळे नीट असेल तर बदल सुरू करावेत आणि जे परत फिरवता येतात ते आधी करावेत. रीडच्या पोलादी पट्ट्यांऐवजी फायबरच्या पट्ट्या लावल्यास खालच्या आरपीएमचा पिकअप सुधारतो, आणि पट्टी तुटलीच तर पोलादी तुकड्याने होणारे नुकसान टळते. पॉइंट काढून सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवणे हाही सुज्ञ खर्च आहे, कारण दोन्ही सिलिंडरची टायमिंग मग झिजत नाही.

त्यानंतर हेड. पिस्टन वर असताना त्याची कड आणि हेड यांतील फट, जिला स्क्विश म्हणतात, ती मूळ इंजिनात बरीच मोठी असते. प्लगच्या भोकातून सोल्डरची जाड तार गजन पिनच्या रेषेत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घालावी, किक हाताने फिरवून तार चेपावी आणि टोकाची जाडी मोजावी; पिनच्या दोन्ही बाजूंना असे करावे. ही फट सुमारे १.० ते १.२ मिमीवर आणली की मिश्रण प्लगकडे नीट ढकलले जाते, इंजिन कमी ठोकते आणि थ्रॉटलला लगेच उत्तर देते. लेथवर हेडचा तळ उतरवताना आतल्या पोकळीचा आकारही त्या हिशेबाने कापावा लागतो, नाहीतर फट कमी होताना कॉम्प्रेशन नको तितके वाढते.

एक्सपान्शन चेंबर (फुगीर पोटाचा टू-स्ट्रोक सायलेन्सर) हा सर्वांत मोठा फरक पाडणारा बदल आहे. मूळ सायलेन्सरमधला बॅफल काढून टाकणे मात्र याला पर्याय नाही; त्याने आवाज वाढतो आणि मिश्रण बिघडते. चेंबर लावताच मेन जेट बराच मोठा ठेवावा, इतका की पूर्ण थ्रॉटलला इंजिन अडखळेल, आणि तिथून एकेक क्रमांक खाली यावे. रिकाम्या, सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलने काही अंतर जाऊन एकाच वेळी क्लच दाबावा व इग्निशन बंद करावे, थांबून दोन्ही प्लग काढावेत आणि पांढऱ्या चिनीमातीच्या अगदी मुळाशी पाहावे. तिथे तपकिरी कडे असेल तर ठीक. पांढरे शुभ्र असेल तर लगेच मोठा जेट टाकावा. एअर फिल्टरची मूळ पेटी शक्यतो ठेवावी, कारण ती काढून सुटे फिल्टर लावल्यावर जेट जुळवणे फार कठीण होते.

पोर्ट घासणे अगदी शेवटी. ओतकामाच्या कडा साफ करणे आणि पॅकिंग पोर्टच्या आकाराला जुळवणे एवढे कुणीही करावे. एक्झॉस्टची उंची वाढवण्याआधी मात्र डिग्री प्लेटने दोन्ही सिलिंडरचे पोर्ट किती अंशांवर उघडतात ते मोजून लिहावे. घासलेले धातू परत येत नाहीत आणि या ब्लॉकची संख्या दरवर्षी कमीच होत आहे.

पहिले पाचशे किलोमीटर

नवे इंजिन पहिल्यांदा दोन-तीन वेळा गरम करून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि थंड असतानाच हेडचे नट पुन्हा तपासावेत. पुढे पाचशे किलोमीटर थ्रॉटल सतत बदलत ठेवावा; एकाच वेगाने दूर जाणे आणि मोठ्या गिअरमध्ये इंजिन रेटणे टाळावे. खंबाटकी किंवा खंडाळ्याचा चढ या काळात दोघांना बसवून चढू नये, कारण चढावर वेग कमी, थ्रॉटल जास्त आणि फिन्सवर वारा कमी, अशी तिन्ही संकटे एकत्र येतात. उन्हाळ्यात जुळवलेला जेट हिवाळ्यासाठी पुरेसा आहे असे धरू नये. थंड हवा दाट असते आणि त्याच जेटवर मिश्रण पातळ होते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहाटे लांब जाण्यापूर्वी प्लग पुन्हा एकदा काढून पाहावेत आणि गरज वाटल्यास मेन जेट एक क्रमांक वाढवावा.